विटभट्टीत मुलं नाहीत

ती निळी गाडी रूळ ओलांडून आत वळली तेव्हाच मिस वर्नेल टब्सच्या मनात पाल चुकचुकली. विटभट्टीत निळी गाडी कुणाचीच नव्हती. शिवाय ही धुतलेली होती. मिसिसिपीच्या आमच्या या सपाट मुलखात ऐन ऑगस्टाच्या धुळीत धुतलेली गाडी घेऊन फिरणारा माणूस सरकारी तरी असतो, नाहीतर काहीतरी विकायला आलेला असतो, आणि दोघांपैकी कुणालाही ओसरीवर बसवून घ्यायची मिस वर्नेलची तयारी नव्हती.

मांडीवरचं चवळीच्या शेंगांचं घमेलं तिने खाली ठेवलं, कठड्याशी गेली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "कपडे काढा गं! पाऊस येतोय!"

आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. पण हाक शेजारच्या अंगणात गेली, तिथून पुढच्या अंगणात, आणि बघता बघता आळीतली सगळी पोरं मागच्या दारांनी पसार झाली, पिकानच्या झाडांखालून थेट चर्चच्या परसात. मोठ्या मुलींनी तान्ह्यांना काखोटीला मारलं. तीनचाकी सायकल कुणीतरी झुडपामागे ढकलली. चार वर्षांची झारिया तेवढी पायरीवर मांजराशी खेळत बसून राहिली. तिला दर वेळी हाताला धरूनच न्यावं लागायचं. "हट्टी कुठली," म्हणत शेजारच्या मुलीने तिला ओढत नेलं.

गाडीतून उतरली ती एक तरुण बाई. काळीच, आमच्यासारखी. केसांच्या बारीक जटा मागे बांधलेल्या, पायात चांगले बूट.

"नमस्कार मॅडम, मी कॅमिल ओडम. आमचं फाउंडेशन लहान मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करतं. काळ्या वस्त्यांना आजवर जे मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही, ते..."

"भाषण रविवारी ऐकते मी. मुद्द्याचं बोल."

"इथे एक बालघर बांधायचंय. माशांच्या कारखान्याची पहाटेची पाळी सुरू व्हायच्या आधी उघडेल असं. जेवण तिथेच, डॉक्टर तिथेच. त्यासाठी घरोघरी विचारतेय, कुणाकडे किती मुलं आहेत."

"मुलं?" मिस वर्नेलने तो शब्द जन्मात पहिल्यांदाच ऐकल्यासारखा उच्चारला. "इथे कुठली मुलं? आम्ही सगळे म्हातारे."

कॅमिलची नजर कठड्यावरच्या दोरीकडे गेली. तिथे बोटभर लांबीचे मोजे वाळत होते.

"मग हे?"

"माझेच. धुतल्यावर आटले."

कॅमिल हसली नाही, हे मिस वर्नेलने मनात नोंदवून ठेवलं. हसली असती तर तिला वेडी समजून सोडून देता आलं असतं. ही आभार मानून पुढच्या घरी गेली. पुढच्या घरी चर्चचा डीकन क्लीओटिस राहतो, ऐंशीच्या घरातला ब्रह्मचारी. तो म्हणाला, "मूल? या आळीत मूल कधी झालंच नाही, बाई. मी स्वतःसुद्धा लहान नव्हतो कधी." तान्ह्याचं लाळेरं खांद्यावर तसंच ठेवून एकीने सांगितलं की तिला मुलांची ॲलर्जी आहे. संध्याकाळपर्यंत निळी गाडी सगळ्या दारांवरून फिरली आणि एकाही दाराने तिला ताकास तूर लागू दिली नाही.

गाडी गेल्यावर क्लीओटिस कठड्याशी आला. "आपल्यातलीच दिसली गं, वर्नेल."

"तेच तर. पूर्वी गोरे यायचे, तेव्हा निदान कळायचं, कुठे उभं राहायचं आणि किती बोलायचं. आता आपल्यातलीच मुलगी धाडतात. म्हणजे आपण कौतुकाने दार उघडावं."

"पण डॉक्टर म्हणाली, जेवण म्हणाली."

"फुकट जेवण घालणाऱ्याला आपल्याकडून काय हवंय ते आधी विचारावं, क्लीओटिस. तुला नेहमी गोडाचं ताट दिसतं. ताटाखालचा हात दिसत नाही."

हा संशय तिच्या अंगात कुठून आला ते सांगायला हवं, नाहीतर ती उगाच खाष्ट वाटेल. तशी ती खाष्ट आहेच, पण उगाच नाही.

विटभट्टी म्हणजे क्लेबर्न गावाची रुळांपलीकडची वस्ती. भट्टी कधीच विझली, नाव राहिलं. मिस वर्नेल तिथेच जन्मली. तिच्या लहानपणी आई-मुलांना सरकारी मदतीचा चेक यायचा, पण एका अटीवर. घरात धडधाकट पुरुष असता कामा नये. कापसाचं काम वर्षातून काही महिनेच, बाकी वेळ बापाच्या हाताला काम नाही आणि बाप घरात असला तर पोरांच्या पोटाला नाही, असा तो न्याय. मग कल्याण खात्याचा माणूस कधीही यायचा, खाटेखाली वाकून बघायचा, न्हाणीतला वस्तरा हुंगायचा. त्याची गाडी दिसली की पहिली बघणारी ओरडायची, कपडे काढा गं. तेवढ्यात आळीतले बाप नाहीसे व्हायचे. वर्नेलचं काम ठरलेलं होतं. बाबांचे बूट आणि टोपी फ्रॉकखाली धरून मागच्या दाराने न्यायची.

एकदा तो माणूस उठेचना. बसला, पाणी प्यायला, आणि वर्नेलला जवळ बोलावून गोड आवाजात विचारलं, "बाळा, तुझे बाबा येतात का गं घरी?" वर्नेल म्हणाली, "मला बाबाच नाहीत." फळ्यांच्या जमिनीखाली, घराच्या खांबांमध्ये, बाबा पोटावर पालथे पडून ऐकत होते.

त्या वर्षीचा कापूस वेचून झाल्यावर ते मेम्फिसला गेले. काही महिने मनीऑर्डर आली, मग तीही बंद झाली. आई म्हणायची, तुझ्या बोलण्याने नाही गेले गं, चेकसाठी गेले. वर्नेल मान डोलवायची. तिला ते कधीच पटलं नाही.

पुढे मदत करणारे पुष्कळ आले. एका संस्थेने आळीतल्या पोरांचे फोटो काढले, आणि त्याआधी सगळ्यांना बूट काढायला लावले. वर्नेलचे बूट नवे होते, ती रडली, तरी काढायला लावले. ते चित्र पुढे कुठल्याशा मासिकात छापून आलं. दुसऱ्या एका संस्थेने शाळा काढली, फीत कापली आणि दोन हिवाळ्यांत गाशा गुंडाळला. मोठी झाल्यावर वर्नेल कारखान्यात मागूर मासे कापायला उभी राहिली. बर्फाच्या पाण्यात बोटं आखडेपर्यंत ती तिथल्या सरकत्या पट्ट्यापाशी होती. आता हात चालत नाहीत म्हणून ती कारखान्यातल्या बायकांची मुलं सांभाळते. पहाटे अंधारात आया पेंगुळलेली पोरं तिच्या ओसरीवर सोडून जातात. इतकी मुलं घरात ठेवायला परवाना लागतो आणि तो तिच्याकडे नाही. त्यामुळे मुलं लपवायची ही नुसती जुनी खोड नव्हती, तिला आजचंही कारण होतं.

आणि सगळ्यांत मोठं कारण झारिया. कारखान्यात वर्नेलच्या शेजारी रूबी उभी राहायची. रूबी वारली. तिची नात डेनिशा एके दिवशी तान्ही पोर घेऊन आली आणि म्हणाली, "मिस वर्नेल, आठवडाभर ठेवा हिला. ह्यूस्टनला काम मिळतंय." आठवडा संपला तेव्हा फोन आला. मग फोन आला नाही. डेनिशाचा नंबरही बदलला. कागद नाही, कोर्टाचा हुकूम नाही, रक्ताचं नातंही नाही. आमच्याकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही. अर्धी विटभट्टी आजीने, मावशीने, नाहीतर शेजारणीने वाढवलेली आहे. पण बाहेरच्या माणसाला ते सांगून बघा. तो कागद मागतो आणि मूल उचलून अनोळखी घरात नेऊन ठेवतो. झारियाला कुणी घेऊन गेलं तर, या विचाराने मिस वर्नेल रात्री उठून दाराची कडी तपासायची.

झारिया गोड पोर होती, फक्त हट्टी. हाक मारली की यायची नाही. बोलायची ते तिचं तिलाच कळायचं. लहान असताना तिचे कान सारखे वाहायचे, मिस वर्नेल कोमट तेलाचे थेंब घालून वर कापूस लावायची. दवाखान्यात नेलं नव्हतं, कारण दवाखान्यात पहिला प्रश्न असतो, तुम्ही कोण. कारखान्यातल्या एका बाईने एकदा विचारलं होतं, हिला नीट ऐकू येतं ना? मिस वर्नेलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "शेतावरच्या फवारणीचं विमान छपरावरून गेलं की सगळ्यांच्या आधी वर बघते माझी पोर! विमान ऐकू येतं आणि जेवायला ये म्हटलेलं ऐकू येत नाही? हट्ट आहे नुसता." जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेणाऱ्या या बाईने या एका गोष्टीवर मात्र कधी संशय घेतला नाही.

रविवारी कॅमिल चर्चमध्ये आली. न्यू सायलोम चर्चची प्रार्थना अर्धी झाली होती. चर्चमध्ये कपडे काढा ओरडता येत नाही. आणि नेमका तो दिवस बालगायकांचा. निळ्या झग्यांतली पोरं रांगेने समोर उभी राहिली होती, तोंडं उघडलेली, ऑर्गन सुरू झालेला, आणि कॅमिल मधल्या बाकावर येऊन बसली. सगळ्या चर्चचं धाबं दणाणलं. ज्या आळीत मूल नाही त्या आळीची ही रांग भिंतीपासून भिंतीपर्यंत होती.

पास्टर पेटवे सत्यवचनी माणूस. त्यांनी घसा खाकरला, वर छताकडे पाहिलं, बहुधा क्षमा मागितली, आणि म्हणाले, "आज आपल्याकडे... लांबच्या गावाहून पाहुणी मुलं आलेली आहेत."

"आमेन," क्लीओटिस मोठ्याने म्हणाला.

पाहुणी मुलं झकास गायली. एका पाहुण्याने मध्येच "मम्मा" म्हणून तिसऱ्या बाकाकडे हात हलवला. मिस वर्नेलने ते बघायला मान वळवलीच नाही. ती कॅमिलवर डोळा ठेवून होती. कॅमिल मुलांकडे बघत नव्हती. ती मिस वर्नेलच्या शेजारी बसलेल्या झारियाकडे बघत होती.

झारियाने बाकाच्या लाकडावर तळवा सपाट टेकवला होता. ऑर्गनच्या खालच्या सुरांना तिची बोटं हलायची. सगळ्यांनी टाळ्या सुरू केल्या की ती आधी लोकांच्या हातांकडे बघायची, मग आपले हात जुळवायची, नेहमी थोडी मागून.

प्रार्थना संपली. मागच्या खोलीत कोंबडी, पाल्याची भाजी आणि मक्याचा पाव मांडला होता. मिस वर्नेल झारियाला घेऊन मागच्या दाराने सटकणार इतक्यात कॅमिल आडवी आली. आवाज अगदी खाली ठेवून तिने विचारलं, "मिस वर्नेल, तुमच्या घरात जी मुलगी नाही, तिला ऐकू येतं का हो?"

मिस वर्नेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुला काय करायचंय? डॉक्टर आहेस का तू?"

"नाही. माझा धाकटा भाऊ असाच बाकाला हात लावून बसायचा. आम्ही त्याला मंद म्हणायचो. सगळेच म्हणायचो. त्याच्या कानात पाणी साठलेलं होतं. छोटंसं ऑपरेशन होतं, पण फार उशिरा कळलं. तोवर शाळेने त्याला मागे बसवून टाकलं होतं."

"आणि आता तू लिहिणार. वर्नेल टब्सच्या घरी एक मुलगी सापडली, म्हणून."

"तुम्ही नाही म्हणालात ना? मग मी नाहीच लिहिलंय. लोक सांगतील तेच मी लिहिते. कुणी लपवलेलं मूल मी मोजत नाही."

"का बरं? कुणी इतकं शहाणं वागायला लागलं की मला जास्त भीती वाटते."

"वाटू द्या," कॅमिल म्हणाली. "माझी आजीसुद्धा माझ्याकडे अशीच बघायची."

घरी आल्यावर मिस वर्नेलने जेवण वाढलं नाही. झारिया ओसरीच्या पायरीवर बसून काडीने मातीत रेघा ओढत होती, पाठ करून. मिस वर्नेल दारातच उभी राहिली, एक पाऊलही न उचलता.

"झारिया."

काडी चालूच.

"झारिया! कॅरॅमल केक देऊ का?"

या शब्दाला आळीतलं कुठलंही पोर तीन घरांवरून धावत येतं. मिस वर्नेल दबक्या पावलांनी आत गेली, मोठ्या पातेल्याचं झाकण आणि पळी घेऊन आली आणि पोरीच्या पाठीमागे हातभर अंतरावर तिने ते धाडधाड बडवलं. समोरचं कुत्रं भुंकायला लागलं. क्लीओटिस खिडकीतून डोकावला. झारिया मातीत रेघ ओढत राहिली.

मग मिस वर्नेलने एकदा पाय आपटला. फळ्या हादरल्या, आणि झारियाने मान वळवून तिच्याकडे बघून गोड हसून दिलं.

तेव्हा तिला सगळं लख्ख समजलं. विमान गेलं की घर हादरतं. मिस वर्नेल जाड बाई, चालली की जमीन हलते. आजवर पोर तिच्या पावलांना ओ देत होती, हाकेला नाही. ती पायरीवर मटकन बसली आणि तोंडावर पदराएवढा ॲप्रन ओढून रडली. पोरीला हट्टी म्हटलं, चार लोकांत म्हटलं, दोनदा तर चापटही मारली, हे आठवून तिला स्वतःची किळस आली. झारियाने तिचा ॲप्रन बाजूला केला, तिचं तोंड निरखून बघितलं आणि हातातली काडी तिला देऊन टाकली.

दवाखान्यात न्यायचं तर आपण कोण ते सांगावं लागणार. सांगितलं तर पोर हातची जाणार. नाही सांगितलं तर पोर अशीच राहणार, जवळ राहील आणि बहिरी राहील. चार दिवस मिस वर्नेल हेच घोळवत राहिली. कॅमिलच्या भावाची गोष्ट खरी कशावरून, असंही तिच्या मनात येऊन गेलं. अशा बायकांच्या पिशवीत दर गावाला पुरेल असा एक भाऊ असतोच.

गुरुवारी संध्याकाळी, बालघर कुठे करायचं ते ठरवायला, शाळेच्या जेवणघरात सभा होती. हायवेच्या पलीकडची गोरी मंडळी पुढच्या टेबलांना, विटभट्टी मागे, भिंतीला लागून. बसायची जागा कुणी ठरवून दिली नव्हती, लोक आपसूकच तसे बसले. मिस वर्नेल सगळ्यांच्या शेवटी आली, आणि झारियाला हाताला धरून आली. आळीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मुलं लपवायची शिस्त जिने लावली, तीच आज मूल घेऊन उजेडात आली होती. "कुणाकडे ठेवणार?" ती गुरकावली. "सगळ्या तर इथे येऊन बसल्यात." झारियाला तिने कोपऱ्यातल्या टेबलाशी एक चमचा आणि रिकामा पेला देऊन बसवलं.

कॅमिलने भिंतीवर गावाचा मोठा नकाशा लावला होता. जिथे मूल तिथे पिवळा ठिपका. हायवेच्या पलीकडे ठिपके होते, नव्या वसाहतीत होते, तळ्यांच्या बाजूला होते. रुळांच्या पलीकडे, जिथे विटभट्टी, तिथे कागद स्वच्छ पांढरा होता. सगळे इतकं सफाईदार खोटं बोलले होते की चुकूनसुद्धा तिथे एक ठिपका पडला नव्हता.

नगरपालिकेच्या मिसेस हॅडली उठल्या. चष्मा लावून त्यांनी नकाशा बघितला. "मग काय, स्पष्टच आहे. त्या भागात सगळी वयस्कर मंडळी आहेत. बालघर हायवेपलीकडच्या जुन्या बँकेत करू. इमारत रिकामी आहे, पार्किंगही आहे."

हायवेपर्यंत बस जात नाही. कारखान्याच्या पहाटेच्या पाळीची बाई पोराला काखोटीला मारून अंधारात चार पदरी रस्ता ओलांडणार नाही, हे पुढच्या टेबलांना माहीत नव्हतं आणि मागच्या भिंतीने तोंडात मूग धरले होते. फाउंडेशनचे वरिष्ठ साहेब, पांढऱ्या केसांचे, भला चेहरा, कॅमिलकडे बघून होकाराची मान डोलवत होते. कॅमिलच्या तोंडच्या एका शब्दाने सगळं बदललं असतं. तिने सगळी पोरं डोळ्यांनी बघितली होती, रांगेत गाताना. ती गप्प उभी राहिली. तिचा खालचा ओठ दातांत धरलेला मिस वर्नेलला मागच्या भिंतीपासून दिसत होता.

आळीतल्या सगळ्या माना हळूहळू मिस वर्नेलकडे वळल्या.

ती उठली. "मला विचारायचंय."

"विचारा ना," साहेब म्हणाले.

"तुम्हाला नाही. हिला. मी तुला एखाद्या मुलाचं नाव सांगितलं, तर ते जातं कुठे?"

"आमच्या ऑफिसात, मिस वर्नेल. कुलपात. आम्ही ते कुणाला देत नाही."

"कल्याण खात्याने मागितलं तर?"

"त्यांना नुसतं मागून मिळत नाही."

"आणि कोर्टाने मागितलं तर?"

साहेब पुढे सरसावले. "आमचं धोरण असं आहे की कुटुंबांचा विश्वास आम्ही सर्वांत..."

"द्यावं लागेल," कॅमिल म्हणाली. साहेब थांबले. "कोर्टाचा हुकूम आला तर मला द्यावं लागेल, मिस वर्नेल. कागद नसलेल्या मुलांसाठी आम्ही वकील देतो, तो तुमच्या बाजूने उभा राहील. पण तो जिंकेलच, असं मी म्हणणार नाही."

मागच्या भिंतीशी कुजबुज झाली. "बघा, मी सांगत होते," कुणीतरी म्हणालं. एक बाई पर्स उचलून निघालीसुद्धा.

मिस वर्नेल उभीच होती. विटभट्टीत बाहेरून आलेल्या माणसाने वाईट बातमी आधी सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं. सगळे गोड सांगून गेले आणि वाईट मागाहून आपल्या आपण कळलं. या मुलीवर तिचा विश्वास बसला असं मुळीच नाही. अजूनही तिला वाटत होतं, यात काहीतरी पाणी मुरतंय. फक्त आता आपल्याला किती भ्यायचंय ते तिला नेमकं समजलं होतं, आणि तेवढं भिऊन उभं राहणं तिला जमण्यासारखं होतं.

"मग लिही," ती म्हणाली. "विटभट्टीत मुलं आहेत. माझ्या घरी पहाटेपासून डझनभर असतात, बिनपरवाना. तेही लिही. ज्यांची आहेत त्या आया इथे बसल्यात, त्या आपापलं सांगतील. त्यांच्या वतीने मी बोलणार नाही."

मग तिसऱ्या खुर्चीवरची बाई उठली, जिला मुलांची ॲलर्जी होती ती. "माझी दोन," ती म्हणाली, आणि बसली. मिसेस हॅडलींनी चष्मा काढून पुसला. भिंतीपासून आवाज यायला लागले, आधी चाचरत, मग एकमेकांवर चढत. "सावकाश," कॅमिल म्हणत राहिली, "एकेक सांगा," आणि तिच्या पिवळ्या ठिपक्यांचा कागद संपत आला.

"आणि एक माझ्या घरी राहते," मिस वर्नेल त्या सगळ्यांच्या वरून म्हणाली. आवाज थांबले. "माझी नाही ती. कागद नाही. तिला ऐकू येत नाही. आधी तिचे कान बघायचे, बाकी सगळं मागून."

"नाव?"

"झारिया."

नाव भरल्या हॉलमध्ये घुमलं. पुढच्या टेबलांनी, मागच्या भिंतीने, साहेबांनी, सगळ्यांनी मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं. ती तेवढी वळली नाही. पेल्यात चमचा फिरवत बसली होती.

"आई?"

"डेनिशा. ह्यूस्टनला असते. पत्ता नाही माझ्याकडे."

कॅमिलने लिहिलं. पुढचा प्रश्न विचारणं तिच्या जिवावर आलं होतं, ते सगळ्यांना दिसलं. "आणि तुम्ही तिच्या कोण, मिस वर्नेल?"

आजी म्हणावं तर खोटं होतं. शेजारीण म्हणावं तर त्याहून खोटं होतं. मिस वर्नेलने कोपऱ्यातल्या त्या पाठमोऱ्या पोरीकडे बघितलं.

"ते तिला ऐकू यायला लागलं ना," ती म्हणाली, "की तिलाच विचार."